.३७५ ची नळी किती लांब ठेवायची – प्रकल्प नोंदी

१७ फेब्रुवारी २०२४, प्रिटोरिया

रायफल सीझेड ५५० सफारी मॅग्नम, काडतूस .३७५ एच अँड एच मॅग्नम (.३७५ हा गोळीचा व्यास, इंचांत), नळी २५ इंच. आज नीट मोजून घेतली: बोल्ट (नळीचं मागचं टोक बंद करणारा दांडा) बंद करून साफसफाईचा गज तोंडातून आत सोडला, बोल्टच्या तोंडाला टेकल्यावर नळीच्या कडेशी खूण केली आणि गज बाहेर काढून टेप लावली. ६३५ मिलिमीटर भरली. नळीची लांबी अशीच मोजतात, म्हणजे काडतूस बसतं ती जागाही त्यात धरलेली असते. दस्त्यासकट सगळी रायफल ११८ सेंटिमीटर.

माझी उंची पाच फूट पाच इंच. पट्ट्यानं खांद्यावर अडकवली की नळीचं तोंड डोक्याच्या बरंच वर जातं. उघड्या माळावर त्याचं काही नाही, पण गेल्या हंगामात लिंपोपोच्या काटेरी झुडपांत वाकून चालताना प्रत्येक फांदीनं तिला धरून ठेवलं. तिथली झाडं बहुतेक बाभळीच्या आणि बोरीच्या जातीची, आकड्यासारख्या काट्यांची. पुढे चालणारा माग काढणारा माणूस प्रत्येक आवाजाला मागे वळून बघायचा आणि काही बोलायचा नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

या वर्षी नामिबियाच्या झांबेझी भागात केप बफेलोसाठी, म्हणजे आफ्रिकी रानम्हशीसाठी, जायचं ठरतंय. तिथे झाडी आणखी दाट आणि जनावर पन्नास मीटरच्या आत. म्हणून नळी कापायची. कापायची हे ठरलंय. किती कापायची, त्यासाठी ही वही.

गावाकडून कोणी ही वही वाचली तर एवढंच सांगतो: भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली शिकार बंद आहे आणि ते योग्यच आहे. इथला कायदा, इथली जमीन, इथली जनावरांची संख्या आणि त्यांचं अर्थकारण वेगळं. त्या वादात इथे पडत नाही.

२४ फेब्रुवारी

आज फक्त कागद. ‘नळी लांब तेवढा वेग जास्त’ हे सगळ्यांना पाठ असतं. प्रश्न आहे किती जास्त, आणि त्याचं उत्तर प्रत्येक काडतुसाला वेगळं.

.३०० विंचेस्टर मॅग्नम आणि .३७५ एच अँड एच शेजारी ठेवले. दोन्हींच्या केसमध्ये, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्यात, बंदुकीच्या दारूला जागा जवळपास सारखीच, पाणी भरून मोजलं तर ९१ आणि ९५ ग्रेन (ग्रेन हे वजनाचं छोटं माप). म्हणजे वायू तयार होतो तो साधारण तेवढाच. पण .३०० च्या .३०८ इंची भोकाच्या मानानं .३७५ च्या भोकाचं क्षेत्रफळ ४८ टक्क्यांनी मोठं. गोळी एक इंच पुढे सरकली की .३७५ मध्ये वायूला पसरायला जवळपास दीडपट जागा मिळते, म्हणून दाब लवकर उतरतो. पुढच्या इंचांना ढकलायला फारसं काही उरत नाही.

आकड्यांत मांडायचं तर केसची जागा अधिक नळीतली जागा, भागिले केसची जागा. २४ इंच नळीला .३७५ चं हे गुणोत्तर ७.३ च्या आसपास येतं, .३०० चं ५.५. .३०० ला ७.३ गाठायचं तर नळी ३२ इंचांच्या पुढे न्यावी लागेल. उलट बाजूनं .३७५ ची नळी १८ इंच केली तरी ती वायूचा उपयोग २४ इंची .३०० इतकाच करेल. १९१२ साली लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडनं हे काडतूस काढलं तेव्हा कॉर्डाइट भरायचे, आज दारू बदलली. भूमिती तीच राहिली.

मोठ्या भोकाची रायफल आखूड नळीला माफ करते, असा याचा अर्थ. मासिकांमधले ‘दर इंचाला ५० फूट गेले’ वाले तक्ते बहुतेक लहान भोकाच्या, पोट मोठं असलेल्या काडतुसांचे असतात. ते इथे लावायचे नाहीत. या जातीच्या काडतुसाला इंचामागे २० ते २५ फूट प्रति सेकंद धरून चालतो. खरं काय ते क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारं यंत्र, सांगेल.

२ मार्च

आज खालची मर्यादा सापडली, आणि ती भौतिकशास्त्रानं नव्हे, कायद्यानं घातलेली आहे.

नामिबियात बफेलो आणि हत्तीसाठी नळीच्या तोंडाशी किमान ५४०० ज्यूल ऊर्जा लागते. कुडू, ओरिक्स अशा मोठ्या हरणांना २७०० पुरते. झिंबाब्वेत ५३०० ज्यूल आणि वर किमान ९.२ मिलिमीटर व्यासाची अट. .३७५ म्हणजे ९.५ मिलिमीटर, त्यामुळे व्यासाची अडचण कुठेच नाही. ऊर्जेचं मात्र गणित करायला हवं.

३०० ग्रेनची गोळी म्हणजे १९.४४ ग्रॅम. ५४०० ज्यूलला लागणारा वेग ७४५ मीटर प्रति सेकंद, इथल्या लोकांच्या भाषेत २४४५ फूट. कारखान्याच्या खोक्यावर ३०० ग्रेनला २५३० लिहिलेलं असतं. म्हणजे वरून खाली यायला ८५ फुटांची जागा. इंचामागे २५ धरले तर साडेतीन इंचांतच ती संपते. तेही खोक्यावरचा आकडा खरा असेल तर.

जंगलात कोणी वनाधिकारी क्रोनोग्राफ घेऊन उभा नसतो, हे मलाही कळतं. वीस इंची नळ्या घेऊन लोक जातात आणि बफेलो पडतात. पण नियम माहीत असून रायफल मुद्दाम त्याच्या खाली कापायची हे मला पटत नाही. म्हणून २४४५ हा या प्रकल्पाचा तळ.

९ मार्च

पहिली मोजणी, पूर्ण २५ इंच नळीवर. क्रोनोग्राफ लहान डॉप्लर रडारचा, रायफलीच्या शेजारी टेबलावर ठेवायचा. जुन्या प्रकारात गोळी दोन पडद्यांवरून न्यावी लागायची आणि ढग आले की आकडे नाचायचे. ती कटकट गेली.

माझी भरलेली काडतुसं, सोमकेमची एस ३६५ दारू, ३०० ग्रेन: २५५५ च्या आसपास.
दुकानातली, ३०० ग्रेन: २५०० च्या आसपास. खोक्यावर २५३०.

खोक्यावरचा आकडा मिळाला नाही म्हणून कोणी हळहळायचं कारण नाही. एकाच कारखान्याच्या, एकाच लांबीच्या दोन नळ्यांत ५० फुटांचा फरक सहज पडतो. भोक जरा घट्ट, जरा सैल, काडतुसाची जागा जरा मोठी, एवढ्यानं ते होतं. ५० फूट म्हणजे दोन इंच नळी. दुसऱ्याच्या रायफलीवरचा तक्ता वाचून आपली नळी का कापू नये, ते एवढ्यातच आलं.

एक गोष्ट बरेच जण सांगतात: नळी आखूड केली की जलद जळणारी दारू घ्यावी. मला ते मान्य नाही. ज्या दारूनं लांब नळीत सर्वात जास्त वेग मिळतो, तीच बहुधा आखूड नळीतही पुढे राहते. संथ दारूचा जाळ तोंडाशी जास्त दिसतो एवढंच. मी एस ३६५ च ठेवतोय.

२१ मार्च

मानवी हक्क दिनाची सुट्टी. रेंजवर एका ओळखीच्या माणसाकडे रुगर अलास्कन होती, .३७५ रुगर, नळी २० इंच. त्याच्या देखरेखीखाली थोड्या गोळ्या झाडून बघितल्या.

.३७५ रुगर हे २००७ चं काडतूस. केस आखूड आणि जाड, तिच्या बुडाशी एच अँड एचसारखा उठावदार पट्टा नाही, .३०-०६ च्या लांबीच्या अ‍ॅक्शनमध्ये (नळीमागचा, बोल्ट बसतो तो भाग) मावतं, आणि जोर .३७५ एच अँड एच इतका किंवा थोडा जास्तच. अलास्कातल्या अस्वलांच्या झुडपांसाठी त्यांनी २० इंच दिली आणि आफ्रिकेच्या मॉडेलला २३ इंच. तेव्हा मला तो विक्रीचा खेळ वाटला होता.

वीस इंचाची रायफल हातात फारच गोड. खांद्याला येते तीच निशाण्यावर. पण दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे धमाका. कानावर मफ आणि आत प्लग असूनही तो छातीत बसला. शिकारीत माग काढणारा माणूस पुढे, एका बाजूला उभा असतो आणि त्याच्या कानात काहीच नसतं. याच कारणानं मझल ब्रेक (तोंडावर लावायचं, वायू बाजूला सोडणारं भोकांचं टोपण) मला नको आहे. धक्का कमी होतो, पण शेजारच्याचे कान जातात.

दुसरी म्हणजे तोंड फार हलकं. टेकूच्या तीन काठ्यांवर ठेवून झाडताना फरक पडला नाही, पण उभं राहून, नुसत्या हातावर, दम लागलेला असताना पुढचं टोक भिरभिरत होतं. लांब नळीचं वजन पुढे असल्यानं ती हळू हलते, आणि कधी कधी तेच हवं असतं.

६ एप्रिल

बंदुका दुरुस्त करणाऱ्या ओमच्या दुकानात दोन तास गेले. इथे वयानं मोठ्या माणसाला ओम म्हणायची रीत आहे, मीही म्हणतो. म्हातारा सत्तरीचा, बोलायला लागला की लेथ थांबवतो, म्हणून त्याच्याकडे काम लवकर होत नाही.

मी विचारलं, जुन्या फोटोंत सगळ्यांच्या नळ्या एवढ्या लांब कशा? त्यांना झुडपं नव्हती का?

“ते डबल रायफलवाले, दोन नळ्यांच्या,” ओम म्हणाला. “डबलला बोल्टची अ‍ॅक्शन नाही. मागचे चार इंच तिथेच वाचतात. २६ इंची डबल आणि २२ इंची बोल्ट शेजारी उभ्या करून बघ, एकाच उंचीच्या.”

हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. नळीच्या लांबीबद्दल भांडण्यापेक्षा एकूण लांबीबद्दल बोलायला हवं. एनसीसीत आम्ही उचललेली थ्री-नॉट-थ्री: नळी २५.२ इंच, एकूण ११३ सेंटिमीटर. माझ्या सीझेडची नळी त्याहून किंचित आखूड असूनही रायफल पाच सेंटिमीटर लांब, कारण मॅग्नम अ‍ॅक्शन लांब आणि दस्ताही लांब.

डबल कापायची मात्र नाही. तिच्या दोन्ही नळ्या एका ठरावीक काडतुसाला एकाच जागी मारतील अशा जुळवून डाख दिलेल्या असतात. तोंड कापलं की ती जुळणी गेली.

मग ओमनं .४५८ विंचेस्टरची गोष्ट काढली. १९५६ ला आलेलं काडतूस, आखूड केसमध्ये दारू दाबून भरलेली. जाहिरातीत ५०० ग्रेनच्या गोळीला २१३० फूट, तेही लांब चाचणी-नळीतून. शिकाऱ्यांच्या हातातल्या रायफलींतून पुष्कळदा दोन हजारही निघेना. दारूची ढेप होऊन बार नीट न पेटल्याच्या तक्रारी तर वेगळ्याच. त्याच असमाधानातून पुढे लांब केसची .४५८ लॉट आली. ओमचं तात्पर्य सरळ होतं: केसमध्ये आधीच जागा कमी असेल तर नळी कापून आणखी गमावू नकोस. .३७५ एच अँड एचला ती अडचण नाही.

शेवटी त्यानं माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं आणि रायफल खांद्याला लावायला सांगितली. “नळीआधी दस्ता काप. हा तुझ्या मापाचा नाही.” बरोबर होतं. थंडीत जाड जाकीट घातलं की दस्ता काखेत अडकतो. १२ मिलिमीटर मागून कमी करायचं ठरलं.

१३ एप्रिल

कापणी.

आधी रायफल रिकामी असल्याची खात्री दोघांनी, वेगवेगळी. मग नळी अ‍ॅक्शनमधून काढून लेथवर. ओमनं चार जबड्यांच्या चकमध्ये धरली आणि डायल गेज (बारीक डगमग दाखवणारं काट्याचं माप) नळीच्या बाहेरून न लावता भोकात अचूक बसणाऱ्या पिनवर लावला. नळीचा बाहेरचा गोल आणि आतलं भोक एकाच केंद्रावर असतील असं धरून चालत नाहीत. माझ्या नळीत बाहेरून डायल लावला तेव्हा काटा स्पष्ट हलताना दिसला, पिनवर तो स्थिर होता. बाहेरचा गोल खरा धरून कापलं असतं तर तोंड भोकाला तिरकं आलं असतं. गोळी बाहेर पडताना एका बाजूनं वायू आधी निसटतो आणि गोळीला कलतं करतो.

ठरवलं होतं की एका वेळी एकच इंच काढायचा, तात्पुरतं तोंड साफ करायचं, नळी बसवून दुकानामागच्या चाचणी-बोगद्यात मोजायचं. वेळखाऊ आहे. ओम कुरकुरला, पण त्यालाही आकडे बघायचे होते.

२४ इंच: माझं काडतूस २५३५, दुकानातलं २४८०.
२३ इंच: माझं २५१०, दुकानातलं २४५५ ते २४६०.

इथे थांबलो. माझ्या काडतुसावर बघितलं तर आणखी दोन इंच काढायला जागा दिसते: २४६५ च्या आसपास, म्हणजे तळाच्या वरच. पण विमानात किंवा सीमेवर माझा काडतुसांचा डबा हरवला तर तिथल्या दुकानातून घेतलेल्या काडतुसांवरच शिकार करावी लागेल. ते २३ इंचाला ५४४० ज्यूलच्या जवळपास आहे, जेमतेम वर. २२ ला २४३५ धरलं तर ५३५४, म्हणजे नियमाच्या खाली. निर्णय त्या परक्या डब्यानं केला.

ओमचं मत: “एक इंच काय, दोन इंच काय, म्हशीला कळत नाही.” म्हशीला नसेल कळत.

तोंडाला ११ अंशांचा, जरा आत घेतलेला क्राउन, म्हणजे भोकाच्या कडेचा शेवटचा आकार, दिला. शेवटचा कट अगदी बारीक, आणि नंतर कापसाचा बोळा भोकाच्या कडेवरून फिरवला; एक धागा जरी अडकला तर तिथे कापताना उरलेली खरखरीत धार आहे. अडकला नाही. रायफलिंगच्या चरांच्या टोकाला भिंगातून बघितलं तर सगळ्या कडा सारख्या चमकत होत्या.

कायद्याची एक गोष्ट: दक्षिण आफ्रिकेत नळी ही शस्त्राचा मुख्य भाग मानली जाते. बदलायची किंवा जादा ठेवायची तर परवान्याचा कागद लागतो. मी नळी बदललेली नाही, आणि नंबर मागच्या टोकाला आहे, त्याला हात लागलेला नाही. तरी ओमकडून कामाची लेखी नोंद घेतली. सीमेवर ती फाइलमध्ये असलेली बरी.

२० एप्रिल

हिशेब केला. माझ्या नळीच्या पुढच्या भागाचं वजन इंचाला ३४ ग्रॅम भरतं. दोन इंचांत ६८ ग्रॅम गेले, चार किलोंवरच्या रायफलीत ते काहीच नाही. तोलाचा बिंदू जेमतेम एक सेंटिमीटर मागे आला. मात्र वळवताना जो जडपणा जाणवतो तो अंतराच्या वर्गानं वाढतो, त्यामुळे टोकाचे ६८ ग्रॅम म्हणजे अर्ध्या अंतरावरच्या पाव किलोहून जास्त. हातात घेतल्यावर ते कळतं. वीस इंचाइतकी चपळ नाही, पण पुढचं टोक भिरभिरतही नाही.

दस्त्याचे १२ मिलिमीटर धरून एकूण लांबी ११२ सेंटिमीटरच्या आत. थ्री-नॉट-थ्रीपेक्षा किंचित कमी. आणि खरं सांगायचं तर खांद्याला बसण्यातला जास्त फरक त्या १२ मिलिमीटरनीच केला.

४ मे

फोरसाइट, म्हणजे नळीच्या तोंडाजवळची नेम धरायची खूण. नळी कापली की तिची बैठक, म्हणजे जुना रॅम्प, गेला. तो काढून नव्या तोंडामागे परत बसवला, पातळी बघून डाख दिला. पट्ट्याची कडी असलेला बँड बराच मागे असल्यानं त्याला हात लावावा लागला नाही.

दोन साइटमधलं अंतर आधी ४४ सेंटिमीटर होतं, आता ३९. पन्नास मीटरवर फोरसाइटचा एक मिलिमीटर आधी ११४ मिलिमीटर इतका होता, आता १२८. म्हणजे चूक जरा मोठी होऊन दिसते. माझ्या वयाच्या डोळ्यांना एक फायदाही आहे: फोरसाइट पाच सेंटिमीटर जवळ आली आणि किंचित कमी धूसर दिसते.

पन्नास मीटरवर गोळ्या दहा सेंटिमीटर वर लागल्या. फोरसाइट वाढवली की गोळी खाली येते, हे उलटं वाटतं पण तसंच आहे. ०.८ मिलिमीटर उंच हवी. ओमकडे एक मिलिमीटर उंच मणी (फोरसाइटचं टोक) होता, तो बसवला. जास्तीचं कानशीनं घासून कमी करता येतं. कमी पडलं तर नवा मणी आणावा लागतो.

१८ मे

हाय व्हेल्डवर, म्हणजे इथल्या उंच पठारावर, थंडी पडली. काडतुसं रात्रभर बाहेर ठेवून पहाटे मोजली. माझी २४९५ वर आली, दुपारच्या आकड्यापेक्षा १५ कमी. दुकानातली २४४५ च्या आजूबाजूला, दोन-तीन त्याखालीही. म्हणजे २३ इंचालाही थंड पहाटे दुकानातलं काडतूस रेषेवरच उभं आहे. २२ केली असती तर चर्चाच नको होती.

शंभर मीटरवर, काठ्यांवरून, दुर्बिणीनं: तीन गोळ्या पाच सेंटिमीटरच्या आत. कापण्याआधी यापेक्षा बऱ्या नव्हत्या. नळी आखूड झाली की अचूकता जाते, हा समज निदान या रायफलीनं तरी मानलेला नाही. आखूड नळी उलट ताठ असते.

धक्का थोडा वाढला असावा, पण दस्ता अंगाला बसल्यामुळे तो सरळ मागे येतो, गालाला लागत नाही. आवाज वाढलाय. मार्गदर्शकाला आधीच कळवलं आहे की माग काढणाऱ्यासाठी कानाचे प्लग मी आणतोय.

८ जून

मणी घासून पूर्ण. पन्नास मीटरवर गोळी निशाण्याच्या दोन बोटं वर, मला तिथेच हवी होती. क्राउनभोवतीचा कोरा पोलादाचा गोल ओमनं काळा केला. सामानात दोन डबे माझे, वेगवेगळ्या पेट्यांत नाही, एकाच कुलपाच्या पेटीत; बाकी कागदपत्रं वरच्या कप्प्यात. सीमेवरचा तात्पुरता परवाना पोलिसांकडून तिथेच घ्यायचा आहे, त्यासाठी रायफलीचा नंबर आणि काडतुसांची संख्या फॉर्मवर आधीच लिहून ठेवली.

कापलेले दोन तुकडे ओमनं माझ्यासमोर मोजून भंगारात टाकले.